"बसा आता" म्हणण्याआधी

मैत्रिणींनो, दुपारची भांडी झाली असतील, थोडी सवड असेल, असं धरून आम्ही बोलायला बसलोय. आजचं बोलणं घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईविषयी आहे. ती तुमची सासू असेल, आई असेल, चुलती असेल. तुम्ही स्वतःही असाल. ती शेजारच्या खोलीत असेल तर तिला हाक मारून इकडं बोलवा, कारण हे तिच्या माघारी बोलायचं नाही.

आपल्याकडं बाईनं साठी ओलांडली, केस पिकले, सून रुळली, की घरात एक वाक्य सुरू होतं. "तुम्ही बसा आता." सून मायेनं म्हणते, मुलगा काळजीनं म्हणतो, शेजारीण कौतुकानं म्हणते, "काय कमी आहे तुम्हाला, बसून खा की." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पन्नास वर्षं जिनं चुलीपासून शिवारापर्यंत सगळं पेललं, तिच्या हातातून आधी भाकरीचं पीठ जातं, मग दुधाचा हिशोब जातो, मग बाजारची पिशवी जाते, आणि शेवटी घरात काही ठरवायचं असलं तरी तिला कुणी विचारत नाही. वर्षभरात ती खरंच बसते. मग आपणच म्हणतो, "म्हातारीची उभारीच गेली."

उभारी कशी जाते, ते आधी शरीराच्या बाजूनं बघू. आपल्या अंगातलं मांस, म्हणजे स्नायू, वापरले तर टिकतात, नाहीतर झिजतात. तरुणपणी झिजलेलं लवकर भरून येतं, म्हातारपणी येत नाही. अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. धडधाकट अशा वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं. आजार काही नव्हता, फक्त पडून राहायचं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं मांस जवळजवळ एक किलोनं कमी झालं. आता विचार करा, आपल्या घरातली आजी तापानं आठ दिवस पडते, ताप उतरल्यावरही आपण तिला महिनाभर उठू देत नाही, आणि मग ती उठली की तोल जातो. तो तोल तापानं गेलेला नसतो.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. 1990 साली बोस्टन शहरातल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून डॉक्टरांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. वजन थोडं थोडं वाढवत पाय ताणायचे, एवढंच. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! तेव्हा "आता काय उपयोग" हे पासष्टीच्या बाईनं म्हणू नये.

आपल्याला त्यासाठी यंत्र नको. घरात बाज आहे, खुर्ची आहे. हात छातीशी धरून बाजेवरून उठायचं आणि बसायचं, सावकाश, दहा वेळा. हाताला टेकू लागत असेल तर सुरुवातीला घ्या. दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलायच्या, खाली टेकायच्या. चौकटीला धरूनच एका पायावर दहा मोजेपर्यंत उभं राहायचं, मग दुसऱ्या. आठवड्यातून तीन दिवस तरी हे करावं. शिवाय रोज वीस-पंचवीस मिनिटं जरा भरभर चालावं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं सांगते, ती भरतात. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर थांबायचं आणि दाखवायचं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर झोपेतून एकदम उठू नये, आधी बाजेच्या काठावर दोन मिनिटं बसावं. रात्री लघवीला उठताना होणारी पडझड बरीचशी यानंच टळते, बाकीची एका दिव्यानं टळते.

लघवीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू, कारण तो कुणी करत नाही. आजी लग्नाला जात नाही, भजनाला जात नाही, यष्टीत बसत नाही. विचारलं तर म्हणते, "मन लागत नाही." कित्येक वेळा खरं कारण असं असतं की खोकलं, शिंकलं, हसलं की लुगडं ओलं होतं आणि तिला त्याची लाज वाटते. कुणाचं अंग बाहेर येतं. पाच-सहा बाळंतपणं, डोक्यावर पाण्याच्या घागरी, ओल्या बाळंतिणीनं उचललेली ओझी, या सगळ्याचं ते व्याज आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लघवी अडवून धरताना जे आवळतो तेच आवळायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा प्रयोग करू नये. दोन-तीन महिने नेमानं केलं तर बऱ्याच जणींना फरक पडतो. अंग बाहेर येत असेल तर स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना दाखवावं. ऑपरेशनच करावं लागतं असं नाही, आत बसवायची रिंगही मिळते. आणि लघवी लागू नये म्हणून पाणी तोडू नका. त्यानं जळजळ वाढते आणि डोकंही गरगरतं.

तसंच डोळ्यांचं. वाकळ शिवणारी बाई सुई बाजूला ठेवते, आणि आपण समजतो तिला नाद राहिला नाही. मोतीबिंदू असतो. त्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. ऐकू कमी येणारी बाई बैठकीत गप्प बसते, कारण "काय म्हणालीस?" असं तिसऱ्यांदा विचारायला तिला अवघड वाटतं. मग घरचे म्हणतात, म्हातारी घुमी झाली. म्हणून कुणी मागं सरली तर आधी डोळे, कान, दात, लघवी आणि गुडघे बघावेत. एवढं बघूनही ती जेवत नसेल, पहाटे तीनलाच जागी होऊन रडत असेल, "माझी काय गरज" असं सारखं म्हणत असेल, तर ते वय नव्हे, तो मनाचा आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे. 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करून मराठीतही बोलता येतं.

आता दुसरी बाजू. इथं आम्हाला थोडं कडक बोलायचं आहे.

"म्हातारपणी कामात राहावं" असं म्हटलं की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बायका हसतील. कामातून सुटका कुणाला आहे? शहराच्या पूर्व भागात साठी-सत्तरीच्या बाया अजून विड्या वळतात. हजार विड्यांमागं मजुरी. पान कापून, ओलं करून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बोटांची पेरं वाकडी झालेली, मान आखडलेली, खोकला घरचाच. उसाच्या हंगामात पोरगा-सून कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हा मागं राहिलेल्या नातवंडांना सांभाळणारी, त्यांना शाळेत पाठवणारी आजीच असते. तिला "सक्रिय राहा" असं कुणी सांगायची गरज नाही. तिला बसायला मिळत नाही हेच तिचं दुखणं आहे.

बारामतीच्या लता करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेली बाई नऊवारीत, अनवाणी पायांनी शर्यतीत धावली आणि पहिली आली. नवऱ्याच्या आजाराच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून ती धावली. पुढं तिच्याच नावाचा सिनेमा निघाला, त्यात तिनं स्वतः काम केलं, आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. आम्हाला तिचा अभिमान आहे. पण टाळ्या वाजवताना एक गोष्ट विसरू नये. तपासणीचे पैसे असते तर तिला धावायचं की नाही हे ठरवता आलं असतं. म्हातारीच्या कष्टाचं कौतुक करणं सोपं असतं, तिच्या औषधाची सोय बघणं त्याहून अवघड.

मग राबणं आणि जीव रमणं यात फरक काय? आम्हाला असं वाटतं की फरक तीन गोष्टींत आहे. काम तिनं निवडलेलं आहे का. ते नको त्या दिवशी ती नाही म्हणू शकते का. आणि ते झाल्यावर कुणी तिचं नाव घेतं का. नातवंडं सांभाळणारी आजी या तिन्हींत बसत असेल तर तिच्यासारखी सुखी बाई नाही. बसत नसेल तर ती बिनपगारी गडीण आहे, मग घरचे तिला कितीही "आई, आई" म्हणोत.

जपानमध्ये जगण्याच्या या ओढीला "इकिगाई" म्हणतात. तिथं चाळीस हजारांहून जास्त माणसांना "तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का" असं विचारून सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2008 साली निष्कर्ष आला. "नाही" म्हणणाऱ्यांत मृत्यू जास्त होते, आणि ते मुख्यत्वे हृदयविकारानं, पक्षाघातानं झालेले होते. आजारी माणसाची ओढ आधीच कमी होते, हेही त्यात असणार. तरी एवढं दिसतं की ओढ ही फक्त मनाची गोष्ट नाही, काळजापर्यंत जाते. आपल्याकडं त्याला शब्द नाही असं नाही. "कशात तरी जीव गुंतलाय म्हणून म्हातारी तगली" असं आपण म्हणतोच.

जीव कशात गुंतेल हे दुसऱ्यानं ठरवता येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानावर गावातल्या म्हाताऱ्या बायकांची एक खंत आली. पोथी समोर आहे, पण वाचता येत नाही. नातवंडं वाचतात, आपण फक्त ऐकायचं. बांगर गुरुजींनी 8 मार्च 2016 ला, महिला दिनाला, त्यांच्यासाठी शाळा काढली. नाव ठेवलं आजीबाईंची शाळा. एका विश्वस्त संस्थेनं पाटी-दप्तराचा आणि गणवेशाचा खर्च उचलला.

या शाळेत आम्हाला सगळ्यात आवडतं ते तिथलं वेळापत्रक आणि गणवेश. वेळ दुपारी दोन ते चार. म्हणजे सकाळचं काम उरकलेलं, संध्याकाळची चूल अजून पेटायची. बायकांच्या दिवसात जिथं फट आहे तिथं शाळा बसवली, शाळेसाठी बायकांना ओढलं नाही. आणि गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. त्यात कितीतरी जणी विधवा. आपल्याकडं विधवा म्हातारीनं कोणता रंग नेसायचा हे गावच ठरवतं, हे तुम्हाला सांगायला नको. इथं सगळ्या गुलाबी. खांद्याला दप्तर अडकवून साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक आज्या रस्त्यानं निघाल्या, ही नुसती शिकण्याची गोष्ट राहिली नाही.

शिकल्या किती, असं कुणी विचारेल. सगळ्या काही पोथी घडाघडा वाचायला लागल्या असतील असं नाही. नव्वदीत डोळे साथ देत नाहीत, काल गिरवलेलं अक्षर आज आठवत नाही. पण अंगठ्याच्या जागी सही आली. बँकेत शाईचं पॅड पुढं सरकवणाऱ्याला "पेन द्या" म्हणता आलं. आणि रोज दुपारी दोन वाजता बाहेर पडायला एक कारण मिळालं. घरी नातवाबरोबर बसून अभ्यास करणारी आजी घरात वेगळी दिसते, नातवाला तर नक्कीच.

अशी रचना आपल्या जिल्ह्यातही आहे, फक्त आपण तिच्याकडं या नजरेनं बघत नाही. आषाढात ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीला आपल्या हद्दीत येते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरपूरला पोचते. आळंदीपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट कितीतरी सत्तरीच्या बाया चालतात. त्या घरी विहिरीपर्यंत जाताना गुडघा धरून बसतात आणि वारीत मात्र चालतात, याचं आपण नवल करतो, त्याला माऊलीची कृपा म्हणतो. म्हणावं. पण आणखी काय काय आहे ते बघा. एकटीनं चालायचं नाही, दिंडी आहे. चालायचं ते अभंगाच्या तालावर, विसाव्याच्या जागा ठरलेल्या. डोक्यावर तुळस असते, म्हणजे तिच्यावर काहीतरी सोपवलेलं असतं. आणि वाटेत कुणीही भेटला तरी तिला "माऊली" म्हणून वाकतो, ती त्याला वाकते. घरी "ए म्हातारे" असली तरी. सोबत, ठेका, जबाबदारी आणि मान, एवढं वर्षातून वीस दिवस मिळतं. बाकीचे दिवस त्यातलं थोडं तरी गावातच मिळावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

ते काम गट करू शकतो. म्हणून गटातल्या मैत्रिणींना आता विचारतो. तुमच्या बचत गटात पासष्टीच्या पुढच्या किती जणी आहेत? कर्ज काढताना "म्हातारीचं नाव नको, परतफेड कोण करणार" असं होऊन किती जणी हळूच गळाल्या? कर्जाचा हिशोब वेगळा असू शकतो, पण म्हणून बैठकीतली जागा का काढायची? उमेद अभियानात ज्येष्ठांचे वेगळे गटही करता येतात, त्यात पुरुषांनाही घेता येतं. पण आमचं मत विचाराल तर मिसळलेला गट बरा. नुसत्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत दुखण्यांचीच यादी होते.

आणि त्यांना बसवायचं नाही, काम सोपवायचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारे गट आपल्याकडं गावोगाव आहेत. भाकरी थापायला मनगट लागतं, ते तरुणीचंच. पण भाकरी कुठपर्यंत शेकली की कडक होईल आणि करपणार नाही, पीठ जुनं झालंय की नाही, शेंगदाणा खवट आहे का, हे सांगायला नाक आणि नजर लागते. तो अधिकार आजीला द्या. ती "हा घाणा बाजूला काढा" म्हणाली तर काढायचा.

ज्वारीचंही तेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडीचं नाव आता शहरातल्या दुकानांत पोचलं. पण उभ्या पिकातून बियाण्याची कणसं कोणती धरायची, ती कशी वाळवायची, कणगीत राख आणि लिंबाचा पाला किती घालायचा, हे ज्यांना हातानं माहीत आहे त्या बाया आता पंचाहत्तरीच्या आहेत. हुरड्याच्या दिवसांत एकदा शाळेतली पोरं त्यांच्यासोबत शेतात न्या. त्या बोलतील आणि पोरं लिहून घेतील.

कुणी म्हणेल, एवढ्या वयात नवीन काय सुरू होणार. ताराबाई मोडक 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करायला गेल्या तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची वाट. आज आपण रोज तोंडात घेतो तो अंगणवाडी हा शब्द त्यांच्याच कामातून आला. त्यांच्या सोबतच्या अनुताई वाघ ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत त्याच कामात होत्या. सगळ्यांना ताराबाई व्हायचं नाही. पण तुमच्या अंगणवाडीत एखाद्या आजीनं आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला काय हरकत आहे? ताईंना तेवढाच हात रिकामा मिळेल.

पैशाचं आणि प्रवासाचंही थोडक्यात सांगतो, कारण हातात काहीच नसेल तर बाई उंबरा ओलांडत नाही. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी 26 ऑगस्ट 2022 पासून पूर्ण मोफत आहे, आणि सगळ्या बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्ध तिकीट. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर उपचार मिळतात, घरचं उत्पन्न कितीही असो. श्रावणबाळ योजनेचं मानधन पासष्टीनंतर आहे, त्याला उत्पन्नाची अट आहे, ती तहसील कार्यालयात विचारावी. पैसे तिच्या खात्यात येतात, तर कार्डही तिच्याच पिशवीत असावं. घरात छळ होत असेल, उपाशी ठेवत असतील, तर 14567 हा ज्येष्ठांचा मदतीचा नंबर आहे.

शेवटी आमच्या रेडिओच्या कामाचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्या सगळ्या तुमच्याआमच्यासारख्या बायकांच्या तोंडच्या. तरी अजून कितीतरी ओव्या कुणाच्या तरी मनात आहेत आणि त्या कुणी विचारत नाही म्हणून बाहेर येत नाहीत. तुमच्या गावात अशी आजी असेल तर गटाच्या अध्यक्षांकडं तिचं नाव द्या. तिची इच्छा आहे का ते मात्र आधी तिला विचारा. आवाज बसलेला चालेल, दात नसले तरी चालेल, अर्धी ओवी विसरली तर शेजारची पुरी करील. आम्ही रेकॉर्डर घेऊन पहाटेच येऊ, कारण दिवस वर आल्यावर ओवी आठवत नाही असं आज्या सांगतात. माळ्यावर जुनं जातं पडलेलं असेल तर तेवढं पुसून खाली काढून ठेवा. खुंटा हातात आला की पुढचं आपोआप सुचतं म्हणतात.